माझं बोट हललं, पण मी हलवलं नव्हतं

पहिल्या ठोक्याला काहीच झालं नाही. कानात बोळे होते, तरी ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि डोक्याच्या डाव्या बाजूला कुणी टिचकी मारावी तसं वाटलं. संशोधिकेने माझ्या डोक्यावर धरलेली चुंबकीय कॉइल अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवली. टक्. काही नाही. मग जराशी बाहेरच्या बाजूला घेतली. टक्. आणि उशीवर निवांत पडलेल्या माझ्या उजव्या हाताची तर्जनी उडाली.

पापणी लवते, शिंक येते, झोपेत दचकायला होतं, तेव्हा निदान आपल्या आतून काहीतरी आलं असं वाटतं. इथे तसं काही नव्हतं. बोट हललं, हललेलं कळलं, डोळ्यांना दिसलंही. फक्त ते मी हलवलेलं नव्हतं. दुखलं नाही, भीती वाटली नाही. मी हाताकडे बघत राहिले आणि मला आत्या आठवली.

आत्याला मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला होता आणि तिचं डावं अंग गेलं होतं. एवढ्याची आम्ही मनाची तयारी केली होती. पण चौथ्या की पाचव्या दिवशी ती स्वतःच्या डाव्या हाताकडे बघून म्हणाली, “हा कुणाचा हात इथे ठेवलाय गं?” मी म्हटलं, “आत्या, तुझाच आहे.” ती म्हणाली, “माझा कसा असेल?” बोलणं स्वच्छ होतं, तारीख-वार बरोबर, माणसांची नावं बरोबर. हात तेवढा तिचा नव्हता. मी तिला बोटातली अंगठी दाखवली. अंगठी तिने लगेच ओळखली, आणि ती दुसऱ्याच्या बोटात कशी गेली म्हणून काळजीत पडली. मग मी तिचा उजवा हात धरून डाव्या मनगटापासून खांद्यापर्यंत फिरवला, की बघ, हा तुलाच जोडलेला आहे. दर वेळी माझा मुद्दा बिनतोड असायचा आणि दर वेळी ती गप्प व्हायची.

ती गेली त्याला काही वर्षं झाली. समजावण्याच्या नावाखाली मी तिच्याशी हुज्जत घालत राहिले, ही बोच मात्र गेली नाही. हालचाल आणि तिची जाणीव यांवरच्या एका प्रयोगासाठी निरोगी माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा मी नाव दिलं ते त्यामुळेच.

आधी फोनवर लांबलचक प्रश्न झाले. तुम्हाला किंवा घरात कुणाला फिट्स येतात का? डोक्यात धातूची क्लिप, डोळ्यात धातूचा कण? पेसमेकर? कानात कॉक्लियर इम्प्लांट? डोक्याला मार लागून कधी शुद्ध हरपली होती? औषधं कोणती चालू आहेत? गरोदर आहात का? आणि शेवटी, काल रात्री किती झोपलात? हा शेवटचा प्रश्न मला किरकोळ वाटला होता. पहिल्या तारखेला गेले तेव्हा आदल्या रात्री मी जेमतेम तीन तास झोपले होते. तसं सांगितल्यावर संशोधिकेने मला तिथूनच परत पाठवलं. चुंबकीय उद्दीपनाचा, म्हणजे चुंबकक्षेत्राने मेंदू बाहेरून चाळवण्याचा, खरा धोका म्हणजे फिट येणं. तो अगदी क्वचित प्रत्यक्षात येतो, पण अपुऱ्या झोपेने वाढतो. तिचा पूर्ण दिवस फुकट गेला होता, तरी तिने मन वळवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. माझा विश्वास बसला तो त्या दिवशी. संमतीपत्र वाचलं ते पुढच्या खेपेला. कुठल्याही क्षणी, कारण न सांगता उठून जाता येईल, हे त्यात पहिल्याच पानावर होतं.

ज्या स्नायूवर सगळा प्रयोग चालतो तो अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात असतो. तर्जनी अंगठ्याच्या दिशेला बाजूला नेली की तो फुगलेला बोटाला लागतो. तिथली कातडी खरखरीत मलमाने घासून, स्पिरिटने पुसून तिने एक इलेक्ट्रोड स्नायूच्या फुगवट्यावर आणि दुसरा बोटाच्या सांध्यावर चिकटवला. तारा ईएमजीच्या, म्हणजे स्नायूतली वीज मोजणाऱ्या यंत्रात गेल्या. त्या यंत्राला एक छोटा स्पीकर जोडलेला होता. स्नायूत जरा ताण आला की स्पीकर खरखर करतो.

“हात सैल सोडा.”

मी सोडला होता. स्पीकर खरखरत होता.

“अजून सैल.”

हे सगळ्यात अवघड गेलं. आपला हात सैल आहे की नाही, हे आपल्याला नक्की कळतं अशी माझी खात्री होती. खांदा खाली सोडला, जबडा सैल केला, लांब श्वास सोडला, तेव्हा कुठे स्पीकर गप्प झाला. स्वतःच्या हाताबद्दल माझ्यापेक्षा त्या स्पीकरला जास्त माहीत होतं.

मग कॉइल. तांब्याच्या तारेची दोन वेटोळी शेजारी शेजारी, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. दोन्ही जिथे भिडतात तिथे जोर सर्वांत जास्त. त्यातून प्रचंड वीजप्रवाह सोडतात, पण मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ. तेवढ्यात तयार होणारं चुंबकक्षेत्र एक ते दोन टेस्लाच्या घरातलं असतं, म्हणजे एमआरआयच्या जवळपास. क्षेत्र झपाट्याने बदललं की शेजारच्या वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. इथे तो वाहक म्हणजे मेंदूची ओली पेशीजाळी. कवटीचं हाड विजेला अडवतं, चुंबकक्षेत्राला अडवत नाही. चुंबक वापरात येण्याआधी, १९८० मध्ये, मर्टन आणि मॉर्टन यांनी थेट डोक्याच्या कातडीवरून विजेचा झटका देऊन जाग्या माणसाचा हात हलवून दाखवला होता. पण ते फार दुखायचं. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी चुंबकाची वाट काढली, आणि म्हणून मी त्या खुर्चीत गप्पा मारत बसू शकले. पोच मात्र दोन-तीन सेंटिमीटरच. हाताचा भाग मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असल्यामुळे सहज सापडतो. पायाचा भाग दोन अर्धगोलांच्या फटीत आत दडलेला असतो, त्यामुळे तो मिळवायला जास्त जोर लागतो.

जागा शोधण्याचं काम मी डोळे भरून पाहिलं. कॉइलची मूठ मागे आणि बाहेर, मधल्या रेषेशी साधारण ४५ अंशांत. टोपीवर पेनाने बारीक ठिपके. एका ठिपक्यावर अंगठा उडाला, दुसऱ्यावर मनगट जरासं वळलं, तिसऱ्यावर तर्जनी एकटी. मेंदूचे शल्यविशारद पेनफिल्ड यांनी माँट्रियलमध्ये उघड्या मेंदूवर केलेल्या नकाशाबद्दल मी वाचलं होतं. तोच नकाशा माझ्या डोक्यात आहे आणि कुणीतरी तो बाहेरून चाचपत आहे, हे हातावर उमटताना बघणं वेगळं होतं. मग तिने जोर कमी करत आणला. दहा ठोक्यांपैकी निदान पाच वेळा स्नायूत ५० मायक्रोव्होल्टचा तरंग उठेल असा सर्वांत कमी जोर म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. माझा यंत्राच्या ताकदीच्या ४३ टक्क्यांवर निघाला. पडद्यावर ठोक्यानंतर सपाट रेघ, मग वीस-बावीस मिलिसेकंदांनी एक तीक्ष्ण शिखर. मेंदूपासून मज्जारज्जूतून बोटापर्यंत निरोप जायला लागणारा वेळ तो.

“आता तेवढ्याच जोराने देते. फक्त चिमूट घट्ट धरली आहे अशी कल्पना करा. हात हलवू नका.”

स्पीकर गप्प होता, म्हणजे स्नायू खरोखर सैल होता. पण पडद्यावरचं शिखर जवळपास दुप्पट झालं. मग तिने माझ्यासमोर स्वतःची बोटं मिटवून एक पेन उचललं आणि ते बघताना पुन्हा ठोका दिला. शिखर तेव्हाही मोठं. असं होतं हे इटलीतल्या पार्मा इथल्या गटाने १९९५ मध्ये दाखवलं, असं तिने सांगितलं. दुसऱ्याचा हात काही उचलताना पाहिला की आपल्या मेंदूतला त्याच हाताचा भागही सज्ज होतो. पाहणं आणि करणं हे दोन वेगळे विभाग आहेत असं मी शाळेपासून धरून चालले होते.

ज्या प्रयोगासाठी मी खरं म्हणजे गेले होते तो दुसऱ्या सत्रात झाला. समोर दिवा लागला की तर्जनीने बटण दाबायचं. एवढंच. सरावात मला सुमारे पाव सेकंद लागत होता. मग काही फेऱ्यांमध्ये दिवा लागल्यानंतर आणि बोट हलायच्या आधी, अशा नेमक्या वेळी मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या हालचाली घडवणाऱ्या भागावर, ठोका. बोट लगेच उडायचं, पण बटण दाबण्याची माझी खरी हालचाल त्यानंतर यायची. प्रत्येक फेरीनंतर मी सांगायचं, या वेळी दाबायला नेहमीपेक्षा उशीर झाला का?

मी अगदी मन लावून उत्तरं दिली. बहुतेक वेळा ‘नाही’. एक-दोनदा ‘कदाचित’.

सत्र संपल्यावर तिने रेघा दाखवल्या. ठोका असलेल्या फेऱ्यांत माझं बोट साधारण शंभर मिलिसेकंद उशिरा हललं होतं. पाव सेकंदाच्या कामात शंभर मिलिसेकंद म्हणजे फार. १९८९ मध्ये डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा उशीर दीडशे मिलिसेकंदांपर्यंत गेला होता. विशेष म्हणजे हालचालीचा नमुना, कुठला स्नायू आधी आणि कुठला नंतर, जसाच्या तसा राहिला होता. म्हणजे हुकूम पुसला गेला नव्हता, वाटेत थांबवून धरला होता. ठोक्यानंतर मोटर कॉर्टेक्समधल्या पेशी थोडा वेळ दाबल्या जातात. मूठ आवळून धरली असताना ठोका दिला तर ईएमजीची दाट रेघ शंभर-दोनशे मिलिसेकंद चक्क सपाट होते, तेही तिने मला दाखवलं. मूठ सुटल्याचं मला जाणवलंही नव्हतं.

“मग मला उशीर का कळला नाही?” मी विचारलं.

तिने मला उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, पापणीवरून, बोटाने अगदी हलकं दाबायला सांगितलं. दुसरा डोळा मिटून. खोली हलली. “आता बोट काढा आणि डोळा नुसता इकडून तिकडे फिरवा.” खोली स्थिर. डोळा दोन्ही वेळा हलला, डोळ्याच्या आतल्या पडद्यावरचं चित्र दोन्ही वेळा सरकलं. फरक एवढाच, की डोळा आपण फिरवतो तेव्हा स्नायूंना हुकूम देतानाच मेंदू त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवतो आणि चित्र किती सरकणार हे आधीच वजा करतो. एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या काळापासून हा मुद्दा चर्चेत आहे. फॉन होल्स्ट आणि मिटलश्टेट यांनी १९५० मध्ये ‘प्रत’ हीच कल्पना वापरून तो नीट मांडला. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्याचं कारण तेच. आपला स्पर्श आधीच अपेक्षित असतो.

‘मी हलवलं’ ही जाणीव बरीचशी या प्रतीवर उभी आहे, असं ती म्हणाली. प्रत वेळेवर निघाली होती, म्हणून मला हालचालही वेळेवर झाली असं वाटलं. हॅगार्ड आणि मॅग्नो यांनी १९९९ मध्ये माणसांना घड्याळाकडे बघून आपण केव्हा दाबलं ते सांगायला लावलं होतं. मोटर कॉर्टेक्सवर ठोका दिला की हालचालीला बराच उशीर व्हायचा, माणसाने सांगितलेल्या वेळेत मात्र त्यापेक्षा पुष्कळ कमी उशीर दिसायचा. आणि पहिल्या दिवशी तर्जनी उडाली तेव्हा उलट होतं. हालचाल होती, प्रत नव्हती.

मला हे ऐकून एका जागी बसवेना. मी तिला आत्याबद्दल सांगितलं. इतका वेळ ती भराभर बोलत होती, आता थांबून बोलू लागली. तिने आधी मला एक भेद स्पष्ट केला, आणि तो मी इथे मुद्दाम लिहिते, कारण मीही घाईघाईने दोन्ही एकच धरले होते. ठोक्याने हललेलं बोट माझंच होतं, हालचाल तेवढी माझी नव्हती. आत्याचं तसं नव्हतं. तिला हातच आपला वाटत नव्हता. ‘मी केलं’ आणि ‘हे माझं आहे’ या वेगळ्या जाणिवा आहेत, आणि मेंदू दोन्ही तयार करतो. त्या आपल्याला आयत्या मिळतात म्हणून त्या तयार होतात हेच आपल्या लक्षात येत नाही. उजव्या अर्धगोलाला इजा झाल्यावर डावा हात परका वाटणं हे तिच्या क्षेत्रात जुनं, ओळखीचं आहे. १९९१ मध्ये बिझियाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका रुग्णाच्या डाव्या कानात थंड पाणी सोडलं होतं. त्याने तोल सांभाळणारी यंत्रणा चाळवली जाते. तेवढ्यापुरता रुग्णाला हात आपला वाटला. परिणाम ओसरल्यावर पुन्हा परका.

म्हणजे पुरावा दाखवून, अंगठी दाखवून, खांद्यापर्यंत हात फिरवून ते होण्यासारखं नव्हतंच. वाद जिथे पोचतो तिथे बिघाड नव्हता.

तिसऱ्या सत्रात कॉइल डोक्याच्या मागे आली. डोळे मिटलेले, ठोका, आणि सातव्या-आठव्या खेपेला खाली उजवीकडे एक फिकट डाग चमकून गेला, काचेवर बोट पुसल्यासारखा. डोळ्यांत प्रकाश नसताना दिसलेला प्रकाश. सगळ्यांना दिसत नाही म्हणे. मग उलटा खेळ. पडद्यावर तीन अक्षरं क्षणभर चमकवायची आणि साधारण शंभर मिलिसेकंदांनी ठोका. अमासियन यांनी १९८९ मध्ये केलेला हा प्रयोग. ठोका त्या वेळी पडला की मला अक्षरं दिसत नव्हती. मी काळा ठिपका, भोक, धूसर पट्टा असं काहीतरी शोधत होते. तसं काही नव्हतं. पडदा कोराच वाटत होता, आणि तो कोरा असणं अगदी साहजिक वाटत होतं. काही हरवलंय अशी शंकासुद्धा येत नव्हती. मी बराच वेळ काही बोलले नाही.

चौथं सत्र माझ्यावर फसलं असंच म्हणावं लागेल. थीटा बर्स्ट नावाचा प्रकार: पन्नास हर्ट्झने तीन तीन ठोक्यांचे झुबके, सेकंदाला पाच झुबके, चाळीस सेकंदांत सहाशे ठोके. २००५ मध्ये आलेल्या या पद्धतीने मेंदूचा तो भाग पुढे बराच वेळ मंदावतो, असं अपेक्षित होतं. माझ्या रेघा उलट किंचित वाढल्या. मला वाटलं मी काही चुकले. तिने सांगितलं, २०१३ मध्ये लंडनमधल्या एका गटाने पन्नासहून जास्त जणांवर करून पाहिलं, तेव्हा सगळ्यांची सरासरी काढल्यावर परिणाम उरलाच नाही. काहींवर अपेक्षेप्रमाणे, काहींवर उलट. माझे आकडे तिने आहेत तसे नोंदले. ज्यांना या पद्धतींतून स्ट्रोकनंतरच्या हातासाठी उपचार हवा आहे, त्यांना हे ऐकून वाईट वाटेल, मलाही वाटलं. पण उलट आलेला आकडा कुणी खोडत नाही हे डोळ्यांनी पाहिल्यामुळे, उद्या यातून काही हाती लागलं तर त्यावर मी विश्वास ठेवीन.

इलेक्ट्रोड काढताना बेचक्यातली कातडी लाल झाली होती. ती पुसून घेता घेता मी तिला एक गोष्ट सांगितली, जी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. त्या दिवसांत एका पहाटे मी आत्याच्या पलंगाशेजारी खुर्चीत जागी झाले. तिचा डावा हात कडेवरून खाली लोंबत होता. उजव्या हाताने चाचपडत तिने तो मनगटाला धरून वर घेतला, कुशीशी ठेवला आणि त्याच्यावर पांघरूण ओढलं. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

“गार पडलाय बिचारा,” ती म्हणाली. “ज्याचा असेल तो येईपर्यंत राहू दे इथे.”

मी तेव्हाही म्हटलं होतं, “आत्या, तुझाच आहे तो.”